घरची व्यायामशाळा : आधी कोणासाठी, मग काय

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, व्यायामशाळांना कुलपे लागली आणि महाराष्ट्रात ती निघायला २५ ऑक्टोबरचा दसरा उजाडावा लागला. त्या सात महिन्यांत कितीतरी घरांत पहिल्यांदा डंबेल आले, कुठे सायकल आली, कुठे हप्त्यावर ट्रेडमिल आला. टाळेबंदी सरली, पण घरात व्यायामाची सोय असावी हा विचार टिकला. नवी सदनिका बघायला गेलेली जोडपी आता गॅलरीचा एखादा कोपरा त्यासाठी मनात धरून ठेवतात. अडचण येते ती निवडीची. बाजारात साधने उदंड आहेत आणि सल्ले त्याहून जास्त. या पसाऱ्याचा आढावा एका प्रश्नाला धरून घेतला तर बरेच काही स्पष्ट होते. तो प्रश्न असा : हे साधन घरातल्या नेमक्या कोणासाठी घ्यायचे?

हा प्रश्न आधी विचारण्याचे कारण आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते, स्त्रियांत ५७ टक्के. तरुण मुलगा जिमला जातो, मैदानावर जातो, मित्रांबरोबर सिंहगड चढून येतो. डबे, शाळा, नोकरी आणि स्वयंपाक यांत अडकलेल्या त्याच्या आईला जिमच्या वेळा जमत नाहीत, आणि गुडघे धरलेल्या आजोबांना तिथे जायचा संकोच वाटतो. घरच्या व्यायामशाळेवर पहिला हक्क या दोघांचा आहे. खरेदी मात्र बहुधा घरातल्या सर्वांत तंदुरुस्त माणसाच्या मनाप्रमाणे होते, आणि निवड तिथेच चुकते.

तालमीकडून घेण्यासारखे

व्यायामाची साधने महाराष्ट्राला नवी नाहीत. कोल्हापूरच्या मोतीबाग आणि गंगावेस तालमी, १९१४मध्ये सुरू झालेले अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९२५पासूनचे दादरचे समर्थ व्यायाम मंदिर अशा ठिकाणी मल्लखांब, जोडी, मुद्गल, लेझीम, सिंगल बार, डबल बार ही साधने पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. खांद्याभोवती फिरवायची आपली जोडी इंग्रजांमार्फत युरोप-अमेरिकेत पोचली आणि १९०४ व १९३२च्या ऑलिंपिकमध्ये तिची स्पर्धाही झाली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत रुजवले. त्या व्यायामाला एका माणसापुरती जागा सोडली तर काहीच लागत नाही.

जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार घरच्या घरी होतात, त्यामुळे ‘साधने हवीतच कशाला?’ असे ज्येष्ठ मंडळी विचारतात. त्याचे उत्तर तालमीच्या दिनक्रमातच सापडते. जोर मारताना शरीर ढकलते : छाती, खांदे, दंडामागचा भाग. बैठकांत मांड्या आणि नितंब काम करतात. पण पाठ, दंडाचा पुढचा भाग आणि हाताची पकड ओढण्याने तयार होतात. तालमीत ते ओढणे दोरावर चढण्यात होते, मल्लखांबात होते, फावड्याने आखाडा खणण्यात होते, आणि कुस्तीत तर होतेच. घरात यातले काहीच नसते. विहिरीवरून पाणी शेंदणे आणि जात्यावर दळणे गेल्यावर ओढण्याचे काम घरातून जवळजवळ संपलेच. म्हणून सदनिकेत जोर-बैठका करणाऱ्याने पहिले साधन ओढण्यासाठी घ्यावे. दुकानातल्या यादीत याचा क्रम फार खाली असतो.

शरीराची मागणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पासष्टीपुढच्यांसाठी त्यात तोल सांभाळण्याच्या व्यायामांची भर आहे, तीही आठवड्यातून किमान तीन दिवस. पहिला भाग बहुतेकांना ठाऊक असतो आणि चालण्याने तो बराचसा पुराही होतो. राहतो तो दुसरा, ताकदीचा.

आपल्याकडे तो राहणे जास्त महागात पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स सारखाच होता, २२.३. मोजणी केल्यावर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे त्या एका छायाचित्राने जगासमोर ठेवले. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांच्या २०१५च्या ‘प्युअर’ अभ्यासात हाताची पकड मोजली होती. पकड जितकी कमजोर, तितका मृत्यूचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त, असा संबंध त्यात आढळला. पकड हा सगळ्या शरीराच्या ताकदीचा सोपा मापक आहे. चाळिशीनंतर स्नायू झिजत जातात आणि पाळी थांबल्यावर स्त्रियांची हाडे वेगाने विरळ होतात. दोन्हींवर भार उचलणे हा उपाय आहे.

म्हणजे साधनांकडून पाच कामे करून घ्यायची आहेत : ढकलणे, ओढणे, बसून उठणे, कमरेत वाकून उचलणे आणि वजन घेऊन चालणे. कोणतेही साधन समोर आले की त्यावर यांतली किती कामे होतात आणि घरातली किती माणसे ती करू शकतात, हे तपासावे.

खोलीचे माप

आता जागा. दहा बाय दहाची खोली धरू. ऑलिंपिक बारबेलचा दांडा २.२ मीटर लांब असतो आणि खोलीची रुंदी ३.०५ मीटर. दांडा बरोबर मध्ये ठेवला तर दोन्ही बाजूंना जेमतेम ४२ सेंटिमीटर उरतात. एवढ्यात ४५ सेंटिमीटर व्यासाची प्लेट हातात धरून दांड्यात सरकवायची म्हणजे कसरत, आणि त्या खोलीत कपाट असले तर विषयच संपला. अशा खोलीत चार-पाच फुटी दांडा किंवा नुसते डंबेल बरे.

उंचीचा विचार सहसा कोणी करत नाही. पावणेसहा फुटांच्या माणसाने हात वर केले की बोटे सव्वासात फुटांच्या आसपास जातात. त्या हातांत डंबेल असले, किंवा तो ट्रेडमिलच्या अर्धा-पाऊण फूट उंच पट्ट्यावर उभा असला, की छताचा पंखा फार दूर राहत नाही. जोडी किंवा मुद्गल फिरवणाऱ्याने तर पंख्याखाली उभे राहूच नये. साधन घेण्याआधी घरातल्या सर्वांत उंच माणसाला त्या जागी उभे करून हात वर करायला सांगावे आणि पंख्याच्या पात्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे.

मजला वजन पेलेल का, ही भीती बहुधा अनाठायी असते. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीच्या जमिनीची रचना दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोच्या वापरभारासाठी केलेली असते. दहा बाय दहाच्या खोलीत हा हिशेब अठराशे किलोंच्या पुढे जातो. खरा त्रास आदळण्याचा आहे. वजन हातातून सुटले की फरशीला तडा जातो आणि खालच्या घरात धक्का पोचतो. आठ-दहा मिलिमीटर जाडीची रबरी शीट फरशी वाचवते, पण वजन हलकेच खाली ठेवण्याची सवय तिच्याहून मोलाची आहे. गिरगावातल्या जुन्या चाळी आणि पुण्यातले वाडे यांच्या लाकडी तक्तपोशीवर मात्र अभियंत्याला विचारल्याशिवाय जड काही ठेवू नये.

हाताची साधने

रबरी पट्टे, म्हणजे रेझिस्टन्स बँड, हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. पट्टे आणि चटई मिळून साधारण दोन हजारांच्या आत काम होते. खिडकीच्या भक्कम गजाला किंवा दाराच्या फटीत अडकवलेल्या पट्ट्याने बसल्या बसल्या ओढण्याचा व्यायाम होतो, आणि पाठीसाठी आजीला याहून सोपे काही नाही. नेटाने केल्यास पट्ट्यांनी मिळणारी ताकद वजनांच्या तोडीची असते, असे अभ्यासांत दिसले आहे. पट्ट्यांचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगावर न जाता ताण हाताने पारखावा. रबर उन्हाने आणि काळाने तडकते. दर वेळी पट्टा ताणून बारीक चिरा बघाव्यात आणि तडकलेला पट्टा बिनदिक्कत फेकावा, कारण तुटलेला पट्टा थेट डोळ्यावर येतो. दारात अडकवताना ओढायची दिशा दार बंद होण्याच्या बाजूला ठेवावी.

डंबेल हा घरच्या व्यायामशाळेचा कणा. यात तीन प्रकार मिळतात. पीव्हीसीच्या आवरणात सिमेंट किंवा वाळू भरलेल्या प्लेट्स स्वस्त असतात, पण त्याच वजनाला आकाराने मोठ्या होतात आणि आपटल्या की फुटतात. ओतीव लोखंडाच्या प्लेट्स जन्मभर टिकतात, फक्त गंज सांभाळावा लागतो. रबर चढवलेले षट्‌कोनी डंबेल महाग पडतात, पण ते घरंगळत नाहीत आणि फरशीला जपतात. मेरठ आणि जालंधर ही आपल्याकडच्या क्रीडासाहित्याची मोठी केंद्रे, तिथला भरपूर माल आपल्या बाजारात येतो. छापलेले आणि खरे वजन जुळतेच असे नाही, म्हणून जोडीतले दोन्ही डंबेल काट्यावर घालून बघावेत. प्लेट्स नंतर वाढवायच्या असतील तर दांड्याची जाडी आणि प्लेटचे भोक जुळते का, हे पहिल्याच दिवशी पाहावे.

वजनांच्या पायऱ्या हा यातला कळीचा मुद्दा. ‘२० किलोचा सेट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात लहान प्लेट्स फारशा नसतात. अडीच किलोवरून एकदम पाच किलोवर जाणे म्हणजे भार दुप्पट करणे. तरुणाला ते निभते, पन्नाशीच्या बाईचा खांदा दुखावतो आणि व्यायाम सुटतो. घरासाठी एक, दोन, तीन, पाच किलोंच्या जोड्या आणि वर वाढवता येणारा एक दांडा, अशी मांडणी सर्वांना पुरते. चकती फिरवून वजन बदलणारे डंबेल जागा वाचवतात, पण त्यांची कळ भरवशाची हवी. उचलताना प्लेट निसटण्याच्या धोक्यामुळे २०२५मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्सचे सुमारे ३८ लाख डंबेल परत मागवण्यात आले. डोक्यावर नेण्याआधी प्रत्येक वेळी कळ बसल्याची खात्री करावी.

केटलबेल हे मूळचे रशियन साधन कमरेत वाकून उचलायला उत्तम, पण ते झोक्याने फिरवण्याचे तंत्र शिकवणाऱ्याकडूनच शिकावे. विकत घेण्याआधी हात बसवायचा असेल तर घरात वजनांची वाण नाही : एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तांदळाची पाच किलोची पिशवी आणि दप्तरात भरलेली पुस्तके सुरुवातीला पुरतात.

पुल-अप बार ओढण्याचा राजा. मात्र परदेशी पद्धतीच्या दाराला अडकवायचा बार आपल्या सपाट चौकटींवर नीट बसत नाही, आणि चौकटीत ताणून बसवायचा बार निसटू शकतो. भिंतीत कायम बसवायचा तर तो बीममध्ये किंवा भरीव विटांच्या भिंतीत बसवावा. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या भिंतीत साधे बोल्ट धरत नाहीत. एकही पुल-अप येत नसला तरी बार वाया जात नाही. नुसते दहा-वीस सेकंद लोंबकळल्याने पकड सुधारते, खांदेही मोकळे होतात. मागे-पुढे कलता येणारा भक्कम बाक ही त्यानंतरची खरेदी. तो घेताना त्यावर बसून डोलवून पाहावे. जो जरा हलतो तो नाकारावा.

मोठी यंत्रे

ट्रेडमिलपासून बहुतेकांची चौकशी सुरू होते. किमती पंचवीस-तीस हजारांपासून दोन लाखांच्या पलीकडे जातात. जाहिरातीत मोटरची कमाल अश्वशक्ती ठळक छापतात. आपण मोटर अखंड चालताना मिळणारी अश्वशक्ती विचारावी. नुसते चालायचे तर सुमारे १२० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद पट्टा चालतो, धावायचे तर १४० बाय ५०च्या आसपासचा हवा. वजनाची मर्यादा आपल्या वजनापेक्षा निदान वीस-पंचवीस किलोंनी जास्त असावी. जोडणी पंधरा अँपिअरच्या, नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटला द्यावी. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल सोडण्याचे वेळापत्रक आणि आपल्या गावात दुरुस्तीला कोण येते, हे लेखी घ्यावे. लहान मुले असलेल्या घरात वापरानंतर सुरक्षेची किल्ली काढून प्लग उपसावा. एका मुलाच्या मृत्यूनंतर २०२१मध्ये पेलोटन कंपनीला अमेरिकेत आपले ‘ट्रेड प्लस’ यंत्र परत मागवावे लागले होते.

ट्रेडमिल कोणाला हवा, याचे उत्तर रस्त्याकडे पाहून द्यावे. जवळ बाग किंवा मैदान असेल तर चालणे फुकट आहे. कोकणातला पावसाळा, विदर्भातला उन्हाळा, फुटपाथ नसलेले उपनगर, रात्री उशिरा घरी परतणारी नोकरदार स्त्री अशा ठिकाणी मात्र ट्रेडमिल खरी गरज भागवतो.

गुडघे दुखणाऱ्यांना स्थिर सायकल जास्त मानवते. चुंबकीय रोध असलेली सायकल आवाज करत नाही आणि झिजतही कमी. पाठीला टेकून चालवायची रिकम्बंट सायकल ज्येष्ठांसाठी उत्तम, कारण तीत चढणे-उतरणे सोपे असते. आसनाची उंची अशी ठेवावी की पाय खाली गेल्यावर गुडघ्यात किंचित बाक राहील. रोइंग यंत्र एकाच वेळी पाय, पाठ आणि दम यांचा व्यायाम देते. ते आठ फुटांच्या आसपास जागा मागते आणि त्याचे आसन जमिनीलगत असल्याने ज्येष्ठांना उठताना त्रास होतो. क्रॉस ट्रेनर सांध्यांवर सौम्य असतो, पण त्याची हलकी मॉडेले डगमगतात. दहा व्यायाम एका चौकटीत देणारे ‘मल्टिजिम’ खोली अडवते, आणि त्यातले बहुतेक व्यायाम डंबेल आणि पट्ट्यांनी होतात.

काय घेऊ नये

पोटाला बांधायचे थरथरणारे पट्टे आणि घाम काढणारे कमरपट्टे यांवर पैसे घालवू नयेत. विजेचे झटके देऊन पोट सपाट करण्याचा दावा करणाऱ्या तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००२मध्ये फसव्या जाहिरातींबद्दल कारवाई केली. तसलेच पट्टे आजही विकले जातात. घामाने घटलेले वजन पाण्याचे असते आणि पाणी प्यायले की परत येते. एका जागेची चरबी ठरवून उतरवता येत नाही.

देखभाल आणि जुना माल

मुंबई, ठाणे आणि सगळ्या किनारपट्टीवर दमट हवा लोखंड खाते. उघड्या प्लेट्स आणि दांडे पावसाळ्याआधी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. बाकाच्या फोममध्ये घाम मुरला की बुरशी धरते, म्हणून रोज पुसावे. गॅलरीत ठेवलेले यंत्र पावसाच्या एका तिरक्या सरीने निकामी होऊ शकते.

जुन्या मालात वजनांची खरेदी निर्धास्त करावी, कारण लोखंडाची ताकद वापराने कमी होत नाही. जुना ट्रेडमिल घ्यायचा तर अर्धा तास त्यावर चालून पाहावे. पट्टा एका बाजूला सरकतो का, जळका वास येतो का आणि पाऊल टेकताना वेग अडखळतो का, हे बघावे. जुने रबरी पट्टे मुळीच घेऊ नयेत.

खरेदीचा क्रम

या सगळ्यातून एक क्रम हाती येतो. पहिल्या टप्प्यात चटई, दोन-तीन ताणांचे पट्टे आणि हलक्या डंबेलच्या जोड्या घ्याव्यात, आणि घरातलीच न हलणारी, बिनहातांची खुर्ची घ्यावी. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे हा ज्येष्ठांसाठी ताकदीचा उत्तम व्यायाम आहे, आणि तीस सेकंदांत किती वेळा उठता येते यावरून तज्ज्ञ पायांची ताकद मोजतात. तीन महिने हे साहित्य नियमित वापरले गेले तर दुसऱ्या टप्प्यात वाढवता येणारे डंबेल, पुल-अप बार आणि बाक आणावा. मोठे यंत्र तिसऱ्या टप्प्यावर, आणि तेही बाहेर चालणे खरोखर अशक्य असेल तरच. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा सांध्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. पहिले काही दिवस जाणत्या प्रशिक्षकाकडून हालचाली नीट बसवून घेतल्या तर तो खर्च कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त फळ देतो.

साधने दिसतील अशी ठेवावीत. माळ्यावर गेलेला डंबेल कोणी खाली काढत नाही. बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी, आईच्या हाताशी असलेली दोन किलोंची जोडी रोज उचलली जाते. ती जोडी घेताना दुकानात मुलाने एकट्याने जाऊ नये. आईला बरोबर न्यावे, वजन तिच्या हातात द्यावे आणि तिला पेलते ते आधी घ्यावे. स्वतःचे जड वजन नंतर घेता येते, आणि तोवर जिम व मैदान त्याला मोकळे आहेच.